चाळकेवाडीचे पठार: पाण्याविना बेट आणि त्यावरचे प्राणिजीवन

सातारा शहरातून सज्जनगडाच्या दिशेने निघालेला रस्ता पुढे ठोसेघरवरून चाळकेवाडीच्या पठारावर चढतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवरचा हा जांभ्याचा सपाट माथा जिल्ह्यातील बहुतेकांना पवनचक्क्यांमुळे माहीत आहे. प्राण्यांच्या अभ्यासकांना तो वेगळ्या कारणांनी माहीत आहे. दगडांखाली राहणाऱ्या एका पालीचे ‘हेमिडॅक्टिलस साताराएन्सिस’ या नावाने २००८ मध्ये वर्णन झाले, तिचे नमुने याच पठारावरचे होते. गळ्याखाली निळा, काळा आणि नारिंगी पंखा उघडणाऱ्या ‘सरडा सुपर्बा’ या सरड्याचे २०१६ मध्ये स्वतंत्र जात म्हणून वर्णन झाले, तेही येथील नमुन्यांवरून. पुढे २०१८ मध्ये मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी याच सरड्यांवर केलेला अभ्यास ‘नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि पठाराचे नाव जगभरच्या परिसंस्था-अभ्यासकांपर्यंत पोहोचले.

प्रस्तुत टिपणात या एकाच पठाराचे प्रकरण तपासले आहे. हेच प्राणी येथे का आहेत, दुसरे का नाहीत, आणि जे आहेत त्यांचे परस्परसंबंध कशावर उभे आहेत, हे प्रश्न समुद्रातील बेटांच्या संदर्भात दीडशे वर्षांहून अधिक काळ विचारले गेले आहेत. त्यांची उत्तरे शोधताना तीन गोष्टींचा विचार करावा लागतो: बेट कसे जन्मले, ते केवढे आणि किती दूर आहे, आणि त्यावर हवामान कसे आहे. चाळकेवाडीला समुद्र नाही. तरीही या तीन गोष्टींखेरीज तेथील प्राणिसमूहाचा उलगडा होत नाही, असे माझे मत आहे. त्याला एक पुरवणीही जोडावी लागते. एखादी जागा बेट आहे की नाही, हे त्या जागेवर जेवढे अवलंबून असते तेवढेच ते कोणत्या प्राण्याच्या दृष्टीने विचारले जाते यावरही अवलंबून असते. पवनचक्क्यांनी येथे जे घडवले, ते या पुरवणीशिवाय नीट समजत नाही.

लाव्हा, जांभा आणि झीज

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनचे ज्वालामुखी उद्रेक ऐन भरात होते. भेगांमधून बाहेर पडलेल्या लाव्ह्याचे थरावर थर साचत गेले आणि आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्या बेसॉल्टखाली आहे. महाबळेश्वरच्या घाटात एकावर एक रचलेले हे थर हजार मीटरहून अधिक जाडीपर्यंत उघडे पडलेले दिसतात. या घटनेचा जीवशास्त्रीय अर्थ फारसा बोलला जात नाही. त्या काळी येथे जे जे जमिनीवर राहत होते, ते सगळे या लाव्ह्याखाली गाडले गेले. १८८३ च्या स्फोटानंतर इंडोनेशियातील क्राकाटाऊ या ज्वालामुखी बेटाच्या अवशेषावर सजीवांना जावा-सुमात्राकडून नव्याने यावे लागले. सातारा-सांगलीच्या भूमीवरही, कितीतरी पटींनी मोठ्या प्रमाणावर आणि कितीतरी सावकाश, तसेच घडले असले पाहिजे. आज येथे असलेला प्रत्येक रानटी प्राणी हा बाहेरून आलेल्या वसाहतकारांचा वंशज आहे.

ते कोठून आले, याचा एक धागा कोयनेच्या खोऱ्यात सापडतो. हुंबरळी परिसरातून २००४ मध्ये देवगांडुळाची एक जात वर्णिली गेली, ‘इंडोटिफ्लस महाराष्ट्राएन्सिस’. देवगांडूळ हा गांडुळासारखा दिसणारा, मातीत राहणारा, पाय नसलेला उभयचर. ज्या कुळात या जातीचा समावेश होतो, त्या कुळाच्या इतर शाखा सह्याद्रीत दक्षिणेकडे आहेत, आणि काही शाखा थेट हिंदी महासागरातील सेशेल्स बेटांवर आहेत. मातीत राहणारा, ओलावा सुटला की मरणारा हा प्राणी समुद्र ओलांडून गेला असण्याची शक्यता फार कमी. त्यामुळे सरळ स्पष्टीकरण असे की, भारत आणि सेशेल्स एकाच भूखंडाचे भाग असताना त्यांचे पूर्वज तेथे होते आणि दख्खनचा लाव्हा वाहत होता त्याच सुमारास ते भूखंड एकमेकांपासून दूर झाले. भारत स्वतः त्या काळी मादागास्करपासून तुटून उत्तरेकडे सरकणारे एक प्रचंड बेटच होता. आशियाला तो सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी भिडला. लाव्ह्याच्या मर्यादेबाहेर, दक्षिणेत, जे वंश वाचले ते पुढे लाव्हा थंड होऊन त्यावर माती आणि जंगल आल्यावर उत्तरेकडे पसरले. उत्तर सह्याद्रीत उभयचरांच्या जाती केरळच्या तुलनेत कमी असण्यामागे हा उशिराचा आणि लांबचा प्रवास हे एक कारण असावे, पावसाळ्याचा तोकडा काळ हे दुसरे.

बेसॉल्टवर पुढे आणखी एक संस्कार झाला. उष्ण आणि आलटून पालटून ओल्या-कोरड्या हवामानात खडक दीर्घ काळ कुजत गेला, त्यातील सिलिका धुऊन निघाली आणि लोह व ॲल्युमिनियमची संयुगे मागे राहून जांभा तयार झाला. जांभ्याची टणक टोपी खालच्या खडकाला झिजण्यापासून वाचवते. नद्यांनी आजूबाजूचा प्रदेश खोल कोरून काढला, टोपीखालचे भाग मात्र उंच राहिले. पाचगणीचे टेबल लँड, कास, चाळकेवाडी, वणकुसवडे, सडावाघापूर ही सगळी पठारे म्हणजे पूर्वी अधिक सलग असलेल्या पृष्ठभागाचे उरलेले तुकडे आहेत. समुद्रातील बेटे दोन प्रकारची असतात: तळातून ज्वालामुखीने उभी केलेली, आणि समुद्राची पातळी वाढल्याने मुख्य भूमीपासून तुटलेली. पहिल्या प्रकारात प्राणिसमूह रिकाम्या जागेत एकेक येऊन भरत जातो; दुसऱ्यात तो आधीच भरलेला असतो आणि तुटल्यानंतर एकेक गळत जातो. चाळकेवाडीच्या इतिहासात दोन्ही आहेत. लाव्ह्याच्या वेळी ते पहिल्या प्रकारात होते, झिजेने सुटे झाल्यावर दुसऱ्या प्रकारात गेले.

कोणासाठी बेट?

कास आणि चाळकेवाडी यांच्यामध्ये उरमोडीचे खोरे आहे. चाळकेवाडीच्या पश्चिमेला कोयनेची खोल दरी, पूर्वेला तारळीचे खोरे. पठारापासून कृष्णाकाठच्या शेतीपर्यंत उंचीचा फरक सुमारे ५०० मीटरचा, म्हणजे सरासरी तापमानात साधारण ३ अंशांचा. आकडा लहान वाटेल; पण खाली ऊस आणि काळी माती, मधल्या उतारावर झाडी, वर उघडा जांभा असे तीन वेगळे अधिवास या ५०० मीटरांत एकावर एक आहेत, आणि उघड्या दगडावर जगायला घडलेल्या सरपटणाऱ्या प्राण्याला झाडीचा उतार ओलांडणे सोपे नाही. कोयना धरण झाल्यावर शिवसागर जलाशयाने पश्चिमेकडची दरीही पाण्याने भरली. तेव्हा या बाजूला खरेखुरे पाणीही आले.

रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन यांनी १९६० च्या दशकात मांडलेला बेटांचा सिद्धांत सांगतो की, बेटावरील जातींची संख्या ही नव्याने येणाऱ्या आणि नामशेष होणाऱ्या जातींमधला तोल असते. बेट दूर असेल तर येणाऱ्या कमी, बेट लहान असेल तर जाणाऱ्या जास्त. हा सिद्धांत चाळकेवाडीला लावताना लगेच अडचण येते, कारण ‘दूर’ या शब्दाला सगळ्या प्राण्यांसाठी एकच मोजपट्टी नाही.

सुरुवातीला उल्लेखलेल्या सातारी पालीचे, म्हणजे ‘हेमिडॅक्टिलस साताराएन्सिस’चे उदाहरण घ्यावे. ही लहान चणीची, निशाचर, जमिनीवरच राहणारी पाल भिंतीवर चढणाऱ्या घरातल्या पालींच्याच वंशातली आहे. परंतु दिवसभर ती जांभ्याच्या सुट्या दगडाखाली असते. तिच्या गटातली दुसरी एक पाल, ‘हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसिएटस’, कोकणात रत्नागिरीकडच्या कमी उंचीच्या जांभ्याच्या सड्यांवर राहते. सह्याद्रीचा कडा मध्ये ठेवून दोन्ही बाजूंच्या जांभ्यावर एकाच गटाच्या दोन जाती असाव्यात, यावरून खडक आणि अडथळा मिळून जाती कशा घडवतात याची कल्पना येते. या पालीसाठी पठार हे कडेकोट बेट आहे. सुटा दगड उचलला की तिचे घर जाते, आणि हे दगड बांधाला, पायाला, गुरांच्या वाड्याला सहज उचलले जातात.

आता पावसाळ्यात त्याच पठारावर उथळ खळग्यांत साचलेल्या पाण्याकडे पाहावे. जुलैमध्ये हातभर रुंद, वीतभर खोल डबक्यात पारदर्शक, बोटाच्या पेराएवढ्या आकाराचे जीव पोट वर करून पोहत असतात. त्यांच्या पायांच्या जोड्या लाटेसारख्या एकामागून एक हलतात. ही परीकोळंबी. सह्याद्रीच्या पठारांवरून २०१४ मध्ये वर्णिलेली ‘स्ट्रेप्टोसेफॅलस सह्याद्रिएन्सिस’ ही जात याच प्रकारची. पाणी आटते, प्रौढ मरतात, आणि त्यांची कठीण कवचाची अंडी सुक्या मातीत पुढच्या पावसाची वाट पाहतात. ही अंडी वाऱ्याबरोबर, पाणपक्ष्यांच्या पायांना चिकटून किंवा म्हशींच्या खुरांतल्या चिखलातून एका खळग्यातून दुसऱ्यात जाऊ शकतात. स्वतः चार हातही चालू न शकणारा हा जीव दरीपलीकडे पोहोचण्याची शक्यता पालीपेक्षा अधिक आहे. त्याच्यासाठी बेट म्हणजे पठार नसून प्रत्येक खळगा आहे.

आणि शिकारी पक्ष्यांसाठी येथे बेटच नाही. तीसा, शिक्रा, सापमार गरुड, हिवाळ्यात येणारे भोवत्या आणि खरूची यांना उरमोडीचे खोरे ओलांडायला काही मिनिटे लागतात. खरूची वाऱ्यात एका जागी पंख फडफडवत थांबते, जमिनीवरची हालचाल हेरते आणि खाली येते. पठारावरचा सततचा वारा हा तिच्या शिकारीच्या पद्धतीचा आधारच आहे. पठाराचा प्राणिसमूह अशा रीतीने दोन तऱ्हेच्या सभासदांनी बनलेला होता: जागेला बांधलेले लहान प्राणी, आणि जागेला न बांधलेले त्यांचे भक्षक. अथांग समुद्रातल्या दूरच्या बेटांवर बहुधा हेच नसते; तेथे जमिनीवरचे शिकारी पोहोचू शकत नाहीत आणि भक्ष्य निर्धास्त होते. चाळकेवाडीचे सरडे दगडाच्या बेटावर राहत असूनही निर्धास्त नव्हते, कारण त्यांच्या डोक्यावरचे आकाश बेटाचे नव्हते.

चार महिने पाणी, आठ महिने दगड

सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पूर्वेला माण तालुक्यात सुमारे ५०० मिलिमीटर. पाऊस इतक्या थोड्या अंतरात दहापटीने बदलणारे जिल्हे देशात फार थोडे असतील. चाळकेवाडी ओल्या बाजूला मोडते. तरी तेथे पडलेले पाणी टिकत नाही. मातीचा थर काही ठिकाणी बोटभरसुद्धा नाही. जून ते सप्टेंबर पठार धुक्यात आणि पाण्यात असते, नोव्हेंबरपर्यंत गवत पिवळे पडते आणि मार्च-एप्रिलमध्ये जांभा तव्यासारखा तापतो. म्हणून येथे टिकून राहणाऱ्या प्राण्याला एकाच वर्षात दोन भिन्न प्रदेशांत राहावे लागते. कोयना परिसर आणि सांगली जिल्ह्यातील चांदोली येथे आढळणारा ‘झॅन्थोफ्रायनी कोयनाएन्सिस’ हा भेक पावसाच्या थोड्या दिवसांत, खडकावरच्या उथळ, तात्पुरत्या पाण्यात आपली वीण उरकतो. त्याच्याच ‘झॅन्थोफ्रायनी’ गटातली दुसरी जात आंबोलीला आहे. दोन्ही जातींचा प्रदेश अतिशय छोटा आहे आणि दोन्ही उघड्या कातळाशी बांधलेल्या आहेत.

हवामान कायम असेच नव्हते. सुमारे २०,००० वर्षांपूर्वीच्या शेवटच्या हिमयुगाच्या ऐन काळात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटरने खाली होती आणि येथला मोसमी पाऊस दुबळा होता. जंगल आक्रसले आणि उघडे गवताळ प्रदेश पसरले असतील, तर उघड्यावर राहणाऱ्या सरड्यांसाठी तो काळ पठारे एकमेकांना आणि पूर्वेच्या माळरानांना जोडणारा ठरला असेल. त्याच काळात देवगांडुळासारख्या ओल्या जंगलातील प्राण्यांची मात्र बेटे झाली असतील. हा तर्क आहे, परंतु तपासता येण्याजोगा तर्क आहे: वेगवेगळ्या पठारांवरच्या सरड्यांच्या जनुकांतील अंतर त्यांची ताटातूट केव्हा झाली हे सांगू शकते.

पवनचक्क्या आल्यानंतर

चाळकेवाडी-वणकुसवडे परिसरात १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून पवनचक्क्या उभ्या राहिल्या. ठाकर, झांबरे आणि भोसले यांच्या अभ्यासाची मांडणी साधी आणि म्हणून भक्कम होती. एकाच पठारी प्रदेशात, एकाच तऱ्हेच्या जमिनीवर, पवनचक्क्या असलेले भाग आणि नसलेले भाग त्यांनी तुलनेला घेतले. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट विरळ होते आणि जमिनीवरच्या भक्ष्यावर त्यांचे हल्लेही कमी होते. सरड्यांची घनता मात्र तेथे जास्त होती.

येथपर्यंतचा निष्कर्ष अनेकांना अपेक्षित वाटेल. खरे महत्त्व पुढच्या मोजमापांना आहे. पवनचक्क्यांखालचे सरडे माणूस बराच जवळ आला तरी पळत नव्हते. पकडल्यानंतरच्या ताणात त्यांच्या रक्तातील कॉर्टिकोस्टेरॉन हे संप्रेरक कमी वाढत होते. त्यांची शरीरस्थिती खालावलेली होती, म्हणजे लांबीच्या मानाने ते हडकुळे होते. आणि नरांच्या गळ्यावरचे रंग फिके होते.

हा शेवटचा मुद्दा समजण्यासाठी विणीच्या हंगामातील नर जवळून पाहिला पाहिजे. वळवाच्या आधीच्या दिवसांत तो एखाद्या उंचवट्याच्या दगडावर पुढचे पाय ताठ करून बसतो, मान उंचावतो आणि गळ्याखालची कातडी छातीपर्यंत पंख्यासारखी उघडतो; निळा भाग उन्हात चमकतो, काळा आणि नारिंगी त्याला उठाव देतात, आणि क्षणात ते सारे मिटून तो पुन्हा दगडाच्या रंगाचा होतो. मादी आणि प्रतिस्पर्धी नर यांच्यासाठी हा पंखा म्हणजे त्याच्या प्रकृतीचे जाहीर प्रमाणपत्र आहे. दगडावर उघडा बसणे आणि भडक रंग दाखवणे हे शिकारी पक्षी वर असताना जिवावरचे काम असते. पक्षी गेल्यावर दाखवणे सोपे झाले, पण दाखवण्यासारखा रंग उरला नाही. अभ्यासकांनी याची सांगड दाट वस्तीतील अन्नाच्या स्पर्धेशी घातली आहे: तोंडे वाढली, कीटक तेवढेच, आणि अंगाला लागणारे अन्न कमी पडले की आधी रंगावरचा खर्च कमी होतो. ‘सरडे वाढले’ एवढेच नोंदवून थांबणाऱ्या पाहणीला ही गोष्ट कधीच दिसली नसती. संख्या हे प्राणिसमूहाच्या आरोग्याचे पुरेसे माप नाही, आणि आपल्याकडचे बहुतेक पर्यावरणीय अहवाल अजूनही जातींची यादी आणि संख्या यांवरच थांबतात, याची मला मनापासून खंत वाटते.

समुद्री बेटांवरच्या नोंदींशी हे चित्र विलक्षण जुळते. २०१४ मध्ये सरड्यांच्या ६६ जातींच्या तुलनेतून असे दिसले की, बेटांवरचे सरडे शिकारी जवळ आल्यावर उशिरा पळतात, आणि बेट मुख्य भूमीपासून जितके दूर तितके हे पळण्याचे अंतर घटते. व्हेनेझुएलातील गुरी जलाशयात बुडालेल्या डोंगरांची जी लहान बेटे झाली, त्यांवर मोठे शिकारी उरले नाहीत. जॉन टरबोर्ग आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवले की तेथे पाने कापणाऱ्या मुंग्या, इग्वाना आणि हाऊलर माकडे मुख्य भूमीच्या १० ते १०० पट दाट झाली आणि झाडांची रोपे टिकेनाशी झाली. सांगली जिल्ह्यातील सागरेश्वर अभयारण्य, सुमारे १०.८७ चौरस किलोमीटरचे आणि कुंपणाने वेढलेले, हेही या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे, कारण तेथे समुद्राचे काम कुंपण करते.

चाळकेवाडीत पवनचक्क्यांनी सरड्यांच्या जमिनीला हात लावला तो थोडाच: रस्ते, चौथरे, खांब. मोठा बदल आकाशात झाला. पूर्वी जो भक्षक दरी सहज ओलांडून येत होता, त्याच्यासाठी ते आकाश आता टाळण्याची जागा झाले. परिणामी सरड्यांच्या दृष्टीने पठार अधिक दूर गेले, जणू मुख्य भूमीजवळचे बेट एका पिढीच्या आत खोल समुद्रात सरकले. खडक तोच, उंची तीच, पाऊस तोच. तरी प्राणिसमूह दुसऱ्या प्रकारच्या बेटाचा झाला.

या तुलनेला एक मर्यादा घालणे आवश्यक आहे. दूरच्या बेटांवरचा निर्धास्तपणा हजारो पिढ्यांच्या निवडीतून आलेला असू शकतो. येथे पवनचक्क्या उभ्या राहून अभ्यासाच्या वेळी जेमतेम दोन दशके झाली होती. सरड्यांचे वर्तन, संप्रेरके आणि रंग यांतला फरक हा प्रत्येक सरड्याच्या आयुष्यातील अनुभवातून आणि अन्नाच्या टंचाईतून आलेला असू शकतो. तो वंशात उतरला आहे की नाही, हे पाहायचे तर पवनचक्क्यांच्या भागातील अंडी शिकारी पक्षी असलेल्या भागात उबवून पिल्लांचे वर्तन पाहावे लागेल. फरक केवळ अनुभवाचा असेल तर पक्षी परतल्यावर सरडेही सावध होतील. तो वंशात उतरला असेल तर परतलेल्या पक्ष्यांना सुरुवातीला फारच सोपी शिकार मिळेल.

या प्रकरणावरून पठारांच्या व्यवस्थापनाबद्दल काही ठोस गोष्टी सुचतात. कासचा समावेश २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत झाला आणि फुलांच्या हंगामातील गर्दीवर काही नियंत्रण आले. पण तेथेही सारे लक्ष फुलांवर आहे, दगडाखालच्या आणि डबक्यातल्या प्राण्यांवर नाही. पठाराच्या कडा आणि वाऱ्याचे मार्ग जेथे शिकारी पक्षी शिकार करतात, तेथे नव्या पवनचक्क्या उभारण्यापूर्वी निदान एका पूर्ण वर्षाची, म्हणजे हिवाळी पाहुण्यांसह, पाहणी झाली पाहिजे. सुटे दगड हलवण्यावर बंधन हवे. उथळ खळगे मुरूम टाकून बुजवणे थांबले पाहिजे. आणि मोजमाप दोन्ही टोकांचे हवे: मे महिन्यात सरड्यांची घनता, वजन, लांबी व नरांच्या गळ्याचा रंग, आणि डिसेंबर-जानेवारीत त्याच पट्ट्यांवर शिकारी पक्ष्यांच्या फेऱ्या व हल्ले. पवनचक्क्या नसलेल्या शेजारच्या माथ्यांवर हेच मोजमाप समांतर चालले, तरच एखाद्या वर्षी सरड्यांचे वजन घटले तर ते पावसामुळे की पक्ष्यांच्या अभावामुळे, हे वेगळे करता येईल.